कुठपर्यंत जागा झाला?

जूनचा पहिला मोठा पाऊस. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, भिंतीवर एक करडी प्लास्टिकची पेटी ठोकलेली असते. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड, म्हणजे रास्पबेरी पायसारखा छोटासा कॉम्प्युटर. टाकीत पाणी किती आहे ते मोजायचं आणि खाली वॉचमनच्या केबिनमध्ये दाखवायचं, म्हणजे टँकर मागवायचा की नाही हे सेक्रेटरींना सकाळीच ठरवता येतं. रात्री तीनदा लाइट जाते. सकाळी पडदा कोरा. वॉचमन फोन करून सांगतो, "साहेब, ते मशीन बंद पडलंय."

त्याच्या जागी तो बरोबर आहे. दुरुस्त करणाऱ्याला मात्र "बंद पडलंय" या शब्दाने काहीच हाती लागत नाही. पंखा बंद पडतो म्हणजे तो फिरत नाही, विषय संपला. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा बोर्ड पायरीपायरीने उठतो. आधी वीज पोचते. मग चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटासा प्रोग्राम मेमरी कार्ड शोधतो. मग बूटलोडर (सिस्टिमला उठवणारा प्रोग्राम), मग कर्नल (सिस्टिमचा गाभा), मग फाइलसिस्टम (फाइलींची मांडणी), घड्याळ, नेटवर्क आणि सगळ्यात शेवटी आपण लिहिलेला प्रोग्राम. यातल्या कुठल्याही पायरीवर गाडी अडली तरी खाली पडदा कोराच दिसणार. म्हणून पेटीपाशी गेल्यावर पहिला प्रश्न एकच: हा कुठपर्यंत जागा झाला? उशिरा उठणाऱ्या पोराची आई स्वयंपाकघरातून विचारते ना, डोळे उघडलेस का, उठून बसलास का, दात घासलेस का, तसंच आणि त्याच क्रमाने.

हा क्रम पाळायला लागतो तो संयमच मला या सगळ्या कामातला सर्वात मोलाचा वाटतो. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात. प्रोग्राम पुन्हा टाकतात, लायब्ररी अपडेट करतात, कार्ड पुसून सगळी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवतात. तीन तास जातात, बोर्ड उठतोही, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा झोपतो, कारण दोष केबलमध्ये होता.

तर आधी वीज. रास्पबेरी पायच्या मुख्य बोर्डांवर पाच व्होल्टवर नजर ठेवणारी व्यवस्था असते. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ती नोंद करते. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेची खूण चमकते, आणि बी प्लस, पाय २, पाय ३ या मॉडेलांवरचा लाल दिवा त्या क्षणी विझतो. पडदा नसेल तर टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा द्यायची. उत्तर ‘०एक्स०’ आलं तर सगळं ठीक. ‘०एक्स५०००५’ आलं तर आत्ता, या घडीला व्होल्टेज कमी आहे आणि बोर्डाने आपला वेग आवळून धरलाय. सगळ्यात बोलकं उत्तर म्हणजे ‘०एक्स५००००’. याचा अर्थ आत्ता सगळं नीट दिसतंय, पण सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज खाली गेलं होतं. ही आठवण बोर्ड रीबूट होईपर्यंत जपतो, म्हणून बंद-चालू करण्याआधी ही आज्ञा द्यावी. आधी प्लग उपटून पुन्हा लावला की पुरावा गेला.

व्होल्टेज का पडतं? दहातल्या आठ वेळा कारण केबल असते, आणि ते कागदावर पेन्सिलीने सिद्ध करता येतं. २८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तेवढी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. एक मीटरच्या केबलमध्ये वीज एक मीटर जाते आणि एक मीटर परत येते, म्हणजे दोन मीटर तार, ०.४३ ओहम. बोर्डाने १ अँपिअर ओढला की ०.४३ व्होल्ट केबलमध्येच खर्ची पडले. अ‍ॅडॉप्टरने चोख ५.०० व्होल्ट दिले तरी बोर्डापाशी उरले ४.५७. इशाऱ्याच्या रेषेखाली. तीच केबल २४ एडब्ल्यूजीची असेल तर नुकसान ०.१७ व्होल्ट. रास्पबेरी पायच्या अधिकृत अ‍ॅडॉप्टरवर ५.१ व्होल्ट का छापलेलं असतं, याचं उत्तरही यातच आहे. तो वरचा ०.१ व्होल्ट वाटखर्चाचा.

केबल विकत घेताना तिच्या आवरणावरची बारीक छपाई वाचावी. चांगल्या केबलवर ‘२८एडब्ल्यूजी/१पी + २४एडब्ल्यूजी/२सी’ असं काहीतरी असतं. पहिला भाग डेटाच्या जोडीचा, दुसरा विजेच्या दोन तारांचा. दुसऱ्या भागातही २८ असेल तर ती केबल मोबाइल रात्रभर चार्ज करायला ठीक, बोर्डाला नाही. छपाईच नसेल तर घेऊच नये. पेटीत कायमची जोडणी करायची असेल तर ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचिक तार घ्या. तिचा रोध मीटरला सुमारे ०.०२६ ओहम, म्हणजे मीटरभर अंतरावर अडीच अँपिअर ओढले तरी ०.१३ व्होल्टच जातात. ठाण्याहून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर जायचं तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. त्या फेरीत बोर्डाबरोबर तार, लग्ज आणि एक बरा मल्टिमीटरही आणावा. बोर्डावर पाच-सहा हजार घालणारी माणसं तारेवर ऐंशी रुपये वाचवतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

मल्टिमीटर लावताना एक गोष्ट जिवावरची. चाळीस पिनांच्या पट्टीवर पिन १ म्हणजे ३.३ व्होल्ट आणि तिच्या अगदी शेजारी पिन २ म्हणजे ५ व्होल्ट. मधलं अंतर अडीच मिलिमीटर. प्रोबचं टोक घसरून ही दोन टेकली तर पाय ३बी प्लस आणि पाय ४ यांच्यावरची वीज सांभाळणारी चिप तत्क्षणी जाते आणि बोर्ड कायमचा उडतो. म्हणून प्रोब थेट पट्टीवर टेकवूच नयेत. बोर्ड बंद असताना पिन ४ आणि पिन ३९ वर एकेक मादी जंपर वायर बसवावी, त्यांची दुसरी टोकं एकमेकांपासून लांब ठेवून तिथे मोजावं. आणि मीटरने ५.०२ दाखवलं म्हणून निश्चिंत होऊ नये. मीटर सरासरी दाखवतो. वाय-फाय सुरू होताना किंवा हार्ड डिस्क फिरायला लागताना काही मिलिसेकंदांची जी बुडी बसते, ती त्याला दिसत नाही. ती बोर्डाला दिसते.

नवे बोर्ड या बाबतीत अधिक खट्याळ आहेत. २०१९ मध्ये आलेल्या पहिल्यावहिल्या पाय ४ वर यूएसबी-सी च्या दोन ओळख-पिनांना मिळून एकच ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिला होता. त्यामुळे लॅपटॉपबरोबर येणाऱ्या काही महागड्या, चिप असलेल्या केबली त्या बोर्डाला हेडफोनचा अ‍ॅडॉप्टर समजायच्या आणि वीजच द्यायच्या नाहीत. साधी केबल लावली की चालायचं. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं. पाय ५ ची अडचण वेगळी. त्याला पूर्ण ताकदीसाठी ५ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. घरातला ६५ वॉटचा चार्जर त्याला भारी पडेल असं वाटतं, पण तो ६५ वॉट देतो वीस व्होल्टवर. पाच व्होल्टवर बहुतेक चार्जर ३ अँपिअरलाच थांबतात. मग पाय ५ आपल्या यूएसबी खोबण्यांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो, आणि जोडलेली हार्ड डिस्क मधूनच गायब होते. दोष डिस्कला लागतो.

संशयाची यादी मोठी ठेवावी, हे २०१५ च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय २ ने शिकवलं. झेनॉन फ्लॅशच्या कॅमेऱ्याने फोटो काढला की तो बोर्ड बंद पडायचा! त्यावरची यू१६ नावाची वीज-नियंत्रक चिप जवळपास उघड्या सिलिकॉनची होती आणि फ्लॅशच्या तीव्र प्रकाशाने गोंधळायची. चिपवर गमटॅकचा एक ठिपका लावला की प्रश्न मिटायचा. पण तिथवर पोचायला कुणीतरी "फोटो काढला की मरतो" हे निरीक्षण वेडगळ वाटूनही नोंदवलं होतं.

वीज पोचतेय, मग पुढची पायरी: हिरवा दिवा. लाल स्थिर आणि हिरवा अजिबात मिचकत नाही, तर बोर्डाला वाचण्यासारखं कार्ड सापडलेलं नाही. हिरवा चार वेळा मिचकून थांबतो, पुन्हा चार वेळा, तर सुरुवातीची फर्मवेअर फाइल (बोर्डाला जागं करणारी) मिळत नाहीये. सात वेळा, तर कर्नल मिळत नाहीये. पडद्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन येऊन तिथेच थांबला, तर फर्मवेअर उठलंय पण कर्नल नाही. पाय ४ येण्याआधीची सिस्टिम असलेलं पाय ३ चं जुनं कार्ड तसंच उचलून पाय ४ मध्ये घातलं तरी बोर्ड उठत नाही. आणि पाय ४ वर दोन मायक्रो एचडीएमआय असतात, त्यातली विजेच्या खोबणीजवळची वापरावी. दुसरीत केबल घालून "डिस्प्ले नाही" म्हणणारे कितीतरी.

दिवे एवढंच सांगतात. खरं बोलतं ते सीरियल कन्सोल, म्हणजे बोर्डाचा मजकूर तारेवरून लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी, आणि दोनशे-तीनशे रुपयांच्या यूएसबी-टीटीएल अ‍ॅडॉप्टरशिवाय या कामाला हात घालू नये असं माझं ठाम मत आहे. त्यातली चिप सीपी२१०२ असो, सीएच३४० असो, सिग्नल ३.३ व्होल्टचा आहे एवढं तपासून घ्या. जोडणी तीनच तारांची: काळी पिन ६ ला म्हणजे ग्राउंडला, अ‍ॅडॉप्टरचा आरएक्स पिन ८ ला, टीएक्स पिन १० ला. एकाचं बोलणं ते दुसऱ्याचं ऐकणं, म्हणून उलटसुलट. लाल तार मोकळीच ठेवायची, तिच्यावर टेप गुंडाळून टाका. बूट पार्टिशनमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘इनेबल_यूएआरटी=१’ ही ओळ घालायची. लॅपटॉपवर वेग ११५२००. पाय ५ वर याच कामासाठी दोन एचडीएमआयच्या मधे तीन पिनांचा वेगळा कनेक्टर दिलेला आहे.

आता बोर्डाला वीज द्या आणि बघा. काळ्या खिडकीत ओळी धावायला लागतात. कंसात सेकंद, मग मजकूर. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्सची अदलाबदल झालीय किंवा ग्राउंड जोडायचा राहिलाय. प्रश्नचिन्हं आणि चौकोनांचा कचरा आला तर वेग चुकलाय. रॉकचिप कंपनीची चिप असलेल्या कित्येक बोर्डांचा वेग ११५२०० नसून १५००००० असतो, हे माहीत नसल्याने चांगले बोर्ड मेलेले समजून ड्रॉवरमध्ये गेलेत. ओळी नीट धावल्या आणि ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असं म्हणून कर्नलने हाय खाल्ली, तर त्याला आपलं घर सापडत नाहीये. कार्डाची नक्कल करताना पार्टिशनचा ओळख-क्रमांक बदलला आणि ‘सीएमडीलाइन’ फाइलमध्ये जुनाच राहिला, हे नेहमीचं कारण. ती फाइल सगळी एकाच ओळीत असावी लागते, एडिटरने मधे एंटर घुसवला तरी हेच होतं.

आणखी एक नेहमीचा अडकाव. ओळी धावता धावता थांबतात, ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ असं येतं आणि पुढे दीड मिनिटाचं घड्याळ. मग आणीबाणीचा मोड, आणि वर निरोप की रूट खातं कुलूपबंद आहे. ज्या बाह्य डिस्कची ओळ आपण ‘एफएसटॅब’ मध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, घातली होती, ती डिस्क आज जोडलेलीच नाही. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला असता तर बोर्ड डिस्कशिवाय पुढे गेला असता. कार्ड काढून दुसऱ्या लिनक्स मशीनवर ती ओळ दुरुस्त करायची. गच्चीवरच्या पेटीत ‘नोफेल’ शिवाय एकही बाह्य डिस्क नको.

रास्पबेरी पायखेरीज इतर बोर्डांबद्दल थोडं. २०२१-२२ च्या चिपांच्या तुटवड्यात पुष्कळ जण ऑरेंज पाय आणि तत्सम बोर्डांकडे वळले, आणि "इमेज बरोबर आहे तरी उठत नाही" ही तक्रार वाढली. पीसीमध्ये कुठलं कार्ड कुठल्या खोबणीत आहे हे सिस्टिम विचारून घेते. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवरच्या बऱ्याच चिपा अशा विचारल्याने सापडत नाहीत. म्हणून कर्नलला डिव्हाइस ट्री नावाची फाइल द्यावी लागते. ती म्हणजे त्या बोर्डाचा सातबारा: कुठल्या पत्त्यावर कोण बसलंय, कुठली पिन कुणाच्या ताब्यात. शेजाऱ्याचा सातबारा घेऊन तलाठ्याकडे गेलात तर काम होत नाही. प्रोसेसर तोच असला तरी बोर्डाच्या नेमक्या नावाची इमेज लागते. बीगलबोन ब्लॅकची खोड आणखी वेगळी. त्याच्या पोटात स्वतःची ईएमएमसी (पक्की बसवलेली साठवण) असते आणि तो आधी तिथूनच उठू पाहतो. कार्डावरून उठवायचा तर कार्डाजवळचं बूट बटण दाबून धरूनच वीज द्यायची. त्याचे अ‍ॅनालॉग इनपुट १.८ व्होल्टपर्यंतच चालतात. ३.३ दिले की गेले.

कार्डाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण गच्चीवरचे बोर्ड मरतात ते बहुधा कार्डाने.

मायक्रोएसडी कार्डाच्या आत स्वतःचा छोटा कारभारी असतो. आपण पन्नास अक्षरांची एक ओळ लिहिली तरी त्याला कधी कधी अख्खा ब्लॉक उचलून दुसरीकडे नव्याने मांडावा लागतो. ही मांडामांड चालू असताना लाइट गेली तर फक्त आपली ओळ जात नाही, तिच्या शेजारपाजारचा मजकूरही विस्कटतो. ज्या फाइलला आपण महिनोन् महिने हात लावला नाही ती कशी खराब झाली, याचं उत्तर हे. ईएक्सटी४ या फाइलसिस्टमच्या जर्नलचा, म्हणजे बदलांच्या नोंदवहीचा, इथे उपयोग मर्यादित, कारण पडझड त्याच्याही खालच्या मजल्यावर झालेली असते.

झिजलेल्या कार्डाचं एक लक्षण पहिल्यांदा बघणाऱ्याला भुताटकीच वाटते. तुम्ही एक फाइल पुसता. ती जाते. यादी काढता, दिसत नाही. बोर्ड रीबूट करता आणि फाइल जागेवर हजर! कॉन्फिगमध्ये ओळ बदलावी, जपून ठेवावी, परत उघडून खात्री करावी, आणि रीबूटनंतर जुनीच ओळ. कार्ड पुन्हा फॉरमॅट केलं तरी जुनी सिस्टिम तशीच उठते. आतल्या कारभाऱ्याने यापुढे काही लिहायचं नाही असं ठरवलेलं असतं, पण तो तसं कळवत नाही. "लिहिलं" म्हणतो आणि टाकून देतो. रॅममध्ये असेपर्यंत आपला बदल दिसतो, मग पुसला जातो. अशा कार्डावर एक मिनिटही घालवू नये. ते वाचता येतंय तोवर त्याची नक्कल काढावी आणि कात्रीने कापून टाकावं, नाहीतर कुणीतरी ते पुन्हा वापरतं.

नवं कार्ड आणलं की आधी ‘एफ३’ हे साधन चालवावं. ते अख्खं कार्ड भरून लिहितं आणि परत वाचून ताडून पाहतं. १२८ जीबी छापलेल्या बनावट कार्डाची खरी जागा तेवढ्यात उघड होते. सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी ‘हाय एंड्युरन्स’ कार्डं या कामाला योग्य. सहा जीबी लागत असले तरी ३२ जीबीचं घ्यावं, कारभाऱ्याला झीज वाटून द्यायला जागा मिळते.

आणि लिहिणं कमी करावं. मिनिटाला एक नोंद म्हणजे दिवसाला १४४०. त्या रॅममध्ये साठवून पंधरा मिनिटांनी एकदम लिहिल्या तर ९६. लाइट गेली तर फार तर पंधरा मिनिटांच्या नोंदी जातील, टाकीच्या पाण्याच्या हिशोबात त्याने काही बिघडत नाही. त्याहून पक्का उपाय म्हणजे रास्पबेरी पायच्या ‘रास्पी-कॉन्फिग’ मधली ओव्हरले फाइलसिस्टम चालू करणे. मग मूळ कार्ड फक्त वाचलं जातं, सगळे बदल रॅममध्ये होतात आणि रीबूट झाल्यावर पाटी कोरी. जपायच्या नोंदी वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवरून खालच्या मशीनवर. सेटिंग बदलायचं असेल तेव्हा ओव्हरले बंद करायला विसरू नका, नाहीतर वरचं भुताटकीचं लक्षण चांगल्या कार्डावरही दिसेल.

घड्याळाचं थोडक्यात. पाय ५ च्या आधीच्या बोर्डांना स्वतःचं घड्याळ नाही. लाइट आली पण राउटर अजून उठला नाही, तर बोर्ड जुन्याच वेळेवर कामाला लागतो, नोंदींवर चुकीची तारीख पडते आणि सुरक्षित वेबसाइटची प्रमाणपत्रं नाकारली जातात. डीएस३२३१ या घड्याळाचं मॉड्यूल पिन ३ आणि ५ वर जोडावं, आय-टू-सी तपासणीत ते ६८ या पत्त्यावर दिसतं. त्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी वाट असते आणि आपण घालतो ती सीआर२०३२ चार्ज होणारी नसते. त्यामुळे त्याला ५ व्होल्ट न देता ३.३ द्यावेत.

आता टाकी. पाणी मोजायला बहुतेक जण एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतात. टेबलावर तो छान चालतो. त्याचा इको पिन ५ व्होल्ट देतो आणि पायच्या पिना ३.३ च्याच, म्हणून मधे १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक हवाच. पण बंद टाकीत झाकणाखाली वाफ साचते, थेंब धरतात, आणि महिन्याभरात आकडे नाचायला लागतात. पाण्याने न बिघडणारा जेएसएन-एसआर०४टी घेतला तरी साधारण २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. म्हणजे टाकी भरत आल्यावर, नेमकं जेव्हा कळायला हवं तेव्हाच, तो आंधळा.

सोसायटीच्या टाकीसाठी तळाशी सोडायचा दाबाचा सेन्सर घ्यावा, ४ ते २० मिलिअँपिअरचा, ५ मीटर पल्ल्याचा. महाग आहे, पण वर्षानुवर्षं टिकतो. त्याला २४ व्होल्टचा पुरवठा, परतीच्या वाटेवर १५० ओहमचा एक टक्क्याचा रेझिस्टर, आणि त्यावरचं व्होल्टेज एडीएस१११५ या चिपने वाचायचं. २५० ओहम घालू नका, पुस्तकातला तो आकडा १ ते ५ व्होल्टसाठी असतो आणि इथे ३.३ ची मर्यादा आहे. १५० ओहमवर रिकामी टाकी म्हणजे ०.६० व्होल्ट. दोन मीटर पाणी म्हणजे १०.४ मिलिअँपिअर, १.५६ व्होल्ट. आणि तार तुटली तर ०.००. ही या पद्धतीची खरी खुबी. शून्य पाणी आणि तुटलेली तार यांत ती गल्लत होऊ देत नाही. या सेन्सरच्या केबलमध्ये तारांबरोबर एक बारीक नळी असते, बाहेरच्या हवेचा दाब आत पोचवायला. तिचं तोंड सिलिकॉनने बुजवू नये आणि उघड्यावरही ठेवू नये. ते पेटीच्या आत, कोरड्या जागी यायला हवं. पावसाची वाफ त्या नळीत साचली की आकडा हळूहळू सरकत जातो आणि कुणालाच कळत नाही का.

पंप चालू-बंद करायची हौस असेल तर दोन गोष्टी. स्वस्त रिले (सिग्नलवर चालणारा स्विच) मॉड्यूलला ५ व्होल्ट आणि पायचा ३.३ व्होल्टचा सिग्नल दिला की रिले कधी कधी लागतो पण सुटत नाही, कारण ‘बंद’ म्हणतानाही १.७ व्होल्टचा फरक उरतो आणि आतला एलईडी मिणमिणता राहतो. मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसीचा जंपर काढा, जेडी-व्हीसीसीला ५ आणि व्हीसीसीला ३.३ द्या. आणि अशा उलट्या, म्हणजे सिग्नल खाली गेल्यावर लागणाऱ्या, रिलेसाठी जीपीआयओ २ ते ८ (हे प्रोग्राममधले क्रमांक, पट्टीवरच्या पिनांचे नव्हेत) मधली मोकळी पिन निवडा. त्या सुरुवातीलाच वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. चुकीची पिन घेतली तर प्रत्येक बूटला पंप एक गचका खातो. रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी त्याने पंप थेट चालवायचा नाही. त्याने फक्त स्टार्टरची कॉइल चालवायची, आणि ती जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडून.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लिनक्सचा बोर्ड हा शेवटचा रखवालदार कधीच नसावा. खालच्या टाकीतला फ्लोट स्विच थेट कॉइलच्या वाटेत असावा, म्हणजे पाणी संपलं की बोर्डाला काहीही वाटत असो, पंप कोरडा फिरणार नाही. आणि ऑटो-ऑफ-मॅन्युअल असा तीन खटक्यांचा स्विच हवा, म्हणजे बोर्ड झोपला तरी वॉचमनला पाणी चढवता येतं. पंपाच्या अंगाला डीएस१८बी२० तापमानाचा सेन्सर लावला असेल आणि अचानक बरोब्बर ८५.००० अंश दिसले, तर मोटर जळत नाहीये. सेन्सरला क्षणभर वीज मिळाली नाही आणि तो पुन्हा उठला, उठल्यावर त्याचा पहिला आकडा तोच असतो. जोडणी आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर तपासा. असा एकाकी ८५ प्रोग्रामने गाळून टाकावा.

ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, ठाण्याचा पूर्व भाग, इथली हवा खाडीची. तिच्यात मीठ असतं, आणि जून ते सप्टेंबर ते ओलं असतं. टेबलावर सोयीच्या असलेल्या जंपर वायरी इथे एका पावसाळ्यात हिरव्या पडतात. त्याने ‘कधी चालतं कधी नाही’ असा सगळ्यात छळवादी दोष जन्माला येतो. पेटीतली प्रत्येक जोडणी सोल्डरची किंवा स्क्रू टर्मिनलची, तारेच्या टोकाला लग दाबून. सोल्डर झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिलने पुसून काढा आणि मगच कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर) फवारा, कनेक्टर आणि कार्डाची खोबण टेपने झाकून. पेटी आयपी६५ ची (धूळ-पाणी आत न घेणारी), केबल ग्लँड सगळे तळाच्या बाजूला, आणि आत शिरण्याआधी तार खाली झोळ देऊन वर आणलेली, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं. पेटी उन्हात नको. एप्रिल-मेमध्ये बंद पेटीतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी तापते आणि पायची चिप ८० अंशांना पोचली की वेग कमी करायला लागते. लिफ्टच्या मशीनरूमची उत्तरेकडची भिंत उत्तम. धातूची पेटी घेतलीत तर बोर्डावरचा वाय-फाय अँटेना आतच कोंडला जातो, हे आधीच लक्षात घ्या.

लाइट जाणारच आहे, तेव्हा राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणि पुढे १२ चे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर. नव्या कन्व्हर्टरचा स्क्रू कुठेही फिरवलेला असतो. बोर्ड जोडण्याआधी मीटर लावून ५.१ व्होल्ट करून घ्या आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका. तरीही बोर्ड कधीतरी अडकेल, त्यासाठी चिपमधला वॉचडॉग जागा ठेवा: सिस्टिमडी (लिनक्सवरचे प्रोग्राम सुरू करून सांभाळणारा कारभारी) याच्या मुख्य कॉन्फिगमध्ये ‘रनटाइमवॉचडॉगसेक=१५’. पंधरा सेकंद सिस्टिमडीकडून हाक आली नाही की तो बोर्डाला स्वतःच रीसेट करतो. पंधराच्या वर आकडा घालू नका, त्या हार्डवेअरची झेप तेवढीच आहे. आपल्या प्रोग्रामलाही ‘रीस्टार्ट=ऑलवेज’ द्या.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा. कुठली तार कुठल्या पिनला, बोर्डाचं नेमकं नाव, कार्ड कधी घातलं, राखीव कार्ड सोसायटीच्या ऑफिसात कुठल्या कपाटात आहे, आणि रिकाम्या व भरलेल्या टाकीला मीटरवर किती व्होल्ट यायला हवेत. पेटी पुढच्या वेळी तुम्हीच उघडाल असं नाही.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की एकदा गच्चीवर जा. वीज बंद करा, झाकण उघडा. कार्डाची नक्कल काढा, सीआर२०३२ मोजा, ग्लँड हाताने हलवून बघा, टर्मिनलचा प्रत्येक स्क्रू पाव फेरा आवळून बघा. सिलिका जेलची पुडी निळ्याची गुलाबी झाली असेल तर बदला. झाकणाच्या रबराच्या कडेवरची माती ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि चारही स्क्रू एकामागोमाग एक न आवळता समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आलटून-पालटून आवळा, म्हणजे रबर सगळीकडे सारखं बसतं.